भंडारदऱ्याची वाट आणि जीपचे मोठे टायर

आषाढात भंडारदऱ्याकडे कामाशिवाय जाऊ नये, असे आमच्याकडची जाणती माणसे सांगतात. पाऊस चार-चार दिवस सूर्य दिसू देत नाही आणि धुके असे की आपल्याच बैलाची शिंगे दिसू नयेत. तरी गेल्या आषाढात तिकडे जाण्याचा योग आला, तो धाकट्या बहिणीच्या फोनमुळे. ती शेंडीजवळ दिलेली आहे. म्हणाली, "दादा, पोरानं जीपला मोठाले टायर घातलेत. माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या. घरात रोज भांडण होतं. त्याचे वडील त्याच्याशी बोलत नाहीत. तुझं तो ऐकतो. एकदा येऊन बघ."

मी शेतीखात्यातला माणूस. टायरांतले मला काय कळणार, असे आधी वाटले. पण ट्रॅक्टरच्या चाकाखाली जमीन कशी दबते हे शेतकऱ्यांना सांगण्यात निम्मी नोकरी गेली आहे. चाक आणि माती यांचे नाते सगळीकडे सारखेच असते. निघालो.

राजूर सोडून शेंडीला पोचलो तेव्हा पावसाची झड लागली होती. भंडारदऱ्याचे धरण इथेच. प्रवरेवरचे हे दगडी धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. त्याचे नाव विल्सन धरण, पण गावचा माणूस त्याला भंडारदराच म्हणतो. पाऊस इथल्या डोंगरावर पडतो आणि त्या पाण्यावर ऊस पिकतो तो खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे. इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला भात, नागली, वरई आणि पावसाळ्यातली वाट.

भाच्याची जीप म्हणजे २०१५ सालची थार, चारही चाकांना ओढ असलेली. उन्हाळ्याच्या शेवटी काजवे पाहायला येणारी मंडळी ती भाड्याने घेतात. दिवाळीनंतर तिच्यातून भाताची पोती जातात. आणि पावसाळ्यात वाडीवर कोणी आजारी पडले, कोणाला कळा सुरू झाल्या, तर रात्री-अपरात्री तीच जीप राजूरच्या रुग्णालयाकडे धावते. म्हणजे घरात एकच गाडी आणि तिच्यावर तीन संसारांचा भार.

"मामा, मागच्या श्रावणात घाटघरच्या अलीकडे चिखलात दोन तास अडकलो होतो," भाचा सांगू लागला. "गाडीत मागं बाळंतीण होती. त्या दिवशीच ठरवलं, टायर मोठे घालायचे. अण्णांना वाटतं मी हौसेपायी पैसे उडवले."

हे ऐकल्यावर माझा निम्मा राग तिथेच गेला. म्हटले, चल, आपण तळ्याला पूर्ण वळसा घालून येऊ. गाडी काय म्हणते ते गाडीलाच विचारू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधून निघालो. निघण्यापूर्वी टायरावरचे आकडे वाचले. जुना टायर २३५/७० आर १६ मापाचा. याचा अर्थ रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ७० आणि आतली लोखंडी रिम १६ इंची. गुणाकार-बेरीज केली की चाकाची पूर्ण उंची निघते सुमारे ७३५ मिलिमीटर. नवा टायर २६५/७५ आर १६, म्हणजे उंची सुमारे ८०४ मिलिमीटर. फरक ६९ मिलिमीटरचा. पण आस चाकाच्या मध्यावर असल्यामुळे गाडीचे पोट उचलले जाते त्याच्या निम्मे, म्हणजे जेमतेम सव्वा ते दीड इंच. "साठ हजारांच्या वर गेले आणि दीड इंच मिळाला," असे मी म्हटले तेव्हा भाचा हसला, पण मनातून चपापला.

पांजरे मागे टाकले, उडदावणे आले. डाव्या हाताला तळे, उजवीकडे ढगात बुडालेला कळसूबाईचा डोंगर. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, पण आषाढात ते दिसेल तर शपथ. खाचराखाचरांत इरली घेतलेल्या बायका वाकून आवण लावत होत्या. चिखलणी करणाऱ्या एका पॉवर टिलरला लोखंडी चाके लावली होती. भाच्याला गाडी थांबवायला लावली. म्हटले, "हे बघ. याच्या चाकाला रबर नाही. लोखंडी पट्ट्या खाली जाऊन घट्ट थर पकडतात. भाताच्या चिखलात रुंदीपेक्षा पकड महत्त्वाची. तुझी अडकलेली जागा कशी होती? वर चिखल आणि खाली मुरूमच ना?"

"हो. वीतभर चिखल, खाली मुरूम."

"मग तिथं अरुंद चाकानंही चिखल कापून मुरूम धरला असता, त्याला खाचा मात्र खोल हव्यात. तुझे जुने टायर गुळगुळीत झाले होते का?"

तो गप्प बसला. टायर पार झिजलेले होते.

आमच्या पिढीने गटविकास कार्यालयाच्या जुन्या जीपा पाहिल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ जीपला ६.०० – १६ मापाचे, म्हणजे फक्त सहा इंच रुंदीचे टायर असत. त्या सडपातळ चाकांवर ती गाडी अर्धे जग फिरली. उलट आइसलँड देशात हिमनद्यांवर जायला ३८ इंची आणि त्याहून मोठे टायर लावतात आणि त्यांतली हवा दोन-चार पौंडांपर्यंत खाली आणतात. तिथे बर्फाचा थर खोल, खाली धरायला काही नाही, म्हणून चाकाने वरच तरंगायचे. आपल्या सह्याद्रीत खडक आणि मुरूम फार खोल नसतो. ज्याची जमीन जशी, त्याचे चाक तसे.

घाटघरला पोचलो. कोकणकड्यावरून खाली पाहिले तर नुसता पांढरा समुद्र. या गावी वीजनिर्मितीचा २५० मेगावॅटचा प्रकल्प आहे, २००८ साली सुरू झालेला. विजेची गरज जास्त असते तेव्हा वरच्या तळ्यातले पाणी खाली कोकणात सोडून वीज करतात आणि गरज कमी असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. आम्ही टपरीवर चहा घेतला आणि साम्रदच्या रस्त्याला लागलो.

इथे मोठ्या टायरांनी आपला गुण दाखवला, हे कबूल केले पाहिजे. एका ओढ्याचे पाणी फरशीवरून वाहत होते आणि पुराने डोक्याएवढे धोंडे आणून टाकले होते. पाणी उतरेपर्यंत आम्ही वाट पाहिली, दोघांनी दगड बाजूला केले, मग हळूच गाडी काढली. तो दीड इंच तिथे उपयोगी पडला. पोट घासले नाही.

पुढच्या चढावर मात्र चाके जागीच फिरू लागली. नवे टायर, रुंद टायर, तरी घसरगुंडी! भाच्याला विचारले, हवा किती? म्हणाला, ३२ पौंड. "वीस कर." चारही चाकांतली हवा कमी केली आणि गाडी काही न बोलता वर चढली.

यातले गणित शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे आहे. एका चाकावर साधारण ४५० किलो भार धरा. ३२ पौंड हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. भार पेलायला चाकाचे सुमारे २०० चौरस सेंटिमीटर तळवे जमिनीला टेकतात. हवा २० पौंडांवर आणली की दाब उरतो सुमारे १.४ किलो आणि तळवा पसरतो सुमारे ३२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाऊल दीडपट झाले आणि पैसा एकही लागला नाही. ट्रॅक्टरवाल्यांनाही हेच लागू. रस्त्यावरची कडक हवा तशीच ठेवून शेतात उतरलात तर चाक घसरते, डिझेल जळते आणि जमीन दबते. फक्त डांबरी रस्ता आला की हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटण्याची भीती. पंप गाडीत असल्याशिवाय हवा काढू नये.

साम्रदच्या पुढे अरुंद वळणावर समोरून दुधाची गाडी आली. मागे घेऊन वळवायला भाच्याने स्टिअरिंग पूर्ण फिरवले, तोच खर्रर्र आवाज झाला. टायर मडगार्डला घासत होता. पूर्ण वळण मिळेना. एका दमात होणाऱ्या वळणाला चार वेळा पुढे-मागे करावे लागले आणि उजव्या बाजूला दरी होती. भाच्याच्या कपाळावर पावसातही घाम दिसला. उतारावर ब्रेक लावतानाही गाडी पूर्वीपेक्षा दोन पावले पुढे जाऊन थांबते, हे त्यानेच सांगितले. चाक जड आणि मोठे झाले, ब्रेक मात्र तेच राहिले. वेगाचा काटाही फसवतो. काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेपासष्टने पळत असते.

खरी परीक्षा रतनवाडीच्या अलीकडे झाली. धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू चिरली. स्टेपनी काढली तर ती जुन्या मापाची! पैसे संपले म्हणून पाचवा टायर घेतलाच नव्हता. मागे एक चाक मोठे आणि एक लहान असे चालवले तर मधला गिअर सतत फिरून तापतो आणि बिघडतो. म्हणून पुढचे एक मोठे चाक काढून मागे लावले आणि लहान स्टेपनी पुढे बसवली. शिवाय फोर-व्हीलचा दांडा काढून ठेवला, कारण उंचीत फरक असलेली चाके चारी ओढीत घातली तर कडक रस्त्यावर गिअरपेटीत पीळ बसतो. म्हणजे भर पावसात दोन चाके काढून घालायची आणि ज्या चारी ओढीसाठी गाडी घेतली तीच बंद! दीड तास गेला. भाचा पाना फिरवता फिरवता एकदम म्हणाला, "मामा, आज गाडीत बाळंतीण असती तर?"

मी काही बोललो नाही. त्याचे त्यालाच उमगले होते.

रतनवाडीला अमृतेश्वराच्या पायाशी गाडी उभी केली. शिलाहारांच्या काळातले म्हणून ओळखले जाणारे हे देऊळ कोरीव कामाने भरलेले आहे. पावसात काळा दगड नुकता घडवल्यासारखा दिसतो. देवळाजवळ एक म्हातारबाबा खाचराचा बांध घालत होते. रविवारी मोठ्या चाकांच्या दोन गाड्या मजेसाठी खाचरात घातल्या गेल्या, बांध फुटला आणि लावलेले आवण पाण्याबरोबर वाहून गेले. बाबा शांतपणे म्हणाले, "गाडी चिखलातून निघाली की त्यांना आनंद. आमचा चिखल म्हणजे आमचं ताट." भाच्याने मुकाट्याने फावडे घेतले आणि अर्धा तास त्यांना माती ओढू लागला. मीही पँट वर करून उतरलो.

कोलटेंभे, मुतखेल करीत अंधार पडता घरी आलो. जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर मी हिशेब मांडला. गाडीच्या नोंदणीत आणि कंपनीच्या पुस्तकात जे आहे त्यापेक्षा वेगळा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाची आडकाठी आहे. अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. भाड्याने माणसे नेणाऱ्याने तर हा धोका पत्करूच नये. तेव्हा कंपनीने या गाडीला दिलेल्या मापाचेच, पण खोल खाचांचे टायर घ्यावेत. पाचही एकसारखे. सोबत हवेचा पंप, दाब मोजायचे यंत्र, ओढायचा पट्टा आणि फावडे. टायर गुळगुळीत होईपर्यंत वापरू नयेत.

मग मी दाजींकडे वळलो. "दाजी, पोरानं टायर चुकीचे घेतले, पण हौसेपायी नाही. मागच्या श्रावणात दोन तास अडकलेली बाळंतीण त्याच्या मनातून गेली नाही." दाजींना ही हकीकत ठाऊकच नव्हती. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग मुलाला म्हणाले, "सकाळी नाशिकला जायचं तर लवकर उठ. मी येतो बरोबर." कित्येक दिवसांत बापलेकांतले हे पहिले बोलणे होते.

चांगले तीन टायर विकून बरेच पैसे परत आले, चौथ्याचे बुडाले. बाकीची रक्कम भात विकून भरली. दिवाळीनंतर बहिणीचा फोन आला. पाटल्या सुटल्या होत्या. आणि भाद्रपदातल्या एका रात्री साम्रदकडची एक बाई वेळेत राजूरला पोचली, मुलगी झाली, हेही तिने सांगितले. त्या रात्री चाकांत हवा किती होती, ते मात्र भाच्याने स्वतः फोन हातात घेऊन कळवले. वीस पौंड.