कोळसा, बँजो आणि आपण

आज जरा वेगळा विषय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

गेली काही वर्षं मी अमेरिकेतल्या केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ भागातलं लोकसंगीत आणि ब्लूग्रास वेड्यासारखं ऐकतोय. घरचे वैतागलेत. मित्र विचारतात, "काऊन राजा, आपली गाणी कमी पडली का?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो, कारण ते शेवटी आपल्या चंद्रपूर-बल्लारपूर-वणी पट्ट्यावरच येऊन थांबतं.

सुरुवात गाण्यापासून नाही, धुळीपासून झाली. माझे मामा भूमिगत खाणीत होते. निवृत्तीनंतर जिना चढताना दोनदा थांबायचे. दवाखान्यातून प्रत्येक वेळी कागदावर 'दमा' लिहून यायचं. ते गेल्यावर कोळशाची धूळ आणि फुप्फुसं यावर हाती येईल ते वाचत सुटलो. त्यात एक माहितीपट सापडला, 'हार्लन काउंटी, यूएसए'. बार्बरा कॉपल यांचा, १९७६ चा, ऑस्कर मिळालेला. केंटकीतल्या ब्रूकसाइड खाणीत १९७३ मध्ये सुरू झालेल्या संपाची गोष्ट. खाणकामगार, त्यांच्या बायका, पहाटे रस्ता अडवून उभी राहिलेली माणसं. आणि मध्येच एका बाईचा आवाज. गोडवा नाही, नखरा नाही. धुऱ्यावरून लांबच्या बाईला हाक मारावी तसा सरळ, उंच आवाज.

ती हेझल डिकन्स. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगार कुटुंबातली. गावात पोट भरेना म्हणून बाल्टिमोरला गेली, कारखान्यांत राबली. तिचा भाऊ काळ्या फुप्फुसाच्या आजारानं, म्हणजे श्वासात गेलेल्या कोळशाच्या धुळीनं मेला. त्यावर तिनं गाणं रचलं, नाव 'ब्लॅक लंग'. सोबतीला वाद्य नाही, नुसता गळा. इंग्रजी मला कामापुरतं येतं, पण हे गाणं समजायला शब्दकोश लागला नाही. मामांचा दम मी ऐकलेला होता.

तिथून मी मागं मागं जात राहिलो.

ब्लूग्रास हे नाव पडलं एका बँडवरून. बिल मन्रो हा केंटकीतल्या रोझीन गावचा, जन्म १९११. आठ भावंडांत धाकटा. फिडल आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच घेतलेली, याच्या वाट्याला मँडोलिन उरलं. त्याच उरलेल्या वाद्यानं पुढं एक संगीतप्रकार उभा राहिला! केंटकीला ब्लूग्रास राज्य म्हणतात, म्हणून बँडचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज'. १९४५ च्या अखेरीस त्यात अर्ल स्क्रग्ज आला, तीन बोटांनी पावसाच्या सरीसारखा बँजो वाजवणारा, आणि ज्याला आज ब्लूग्रास म्हणतात तो बाज पक्का झाला.

ऐकायला बसलात तर एक गोष्ट लक्षात येईल. त्यात ढोल-तबला काही नाही. बँजो, फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभा मोठा बास, झालं. ठेका धरायचं काम मँडोलिनचं, बासच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत 'चक्' असा आवाज काढून. एकेक वादक पुढं येतो, आपलं म्हणणं वाजवतो, मागं सरकतो, की दुसरा पुढं. जुन्या काळी तर सगळ्यांत मिळून एकच माइक असायचा. आपल्या भजनी मंडळात एकानं उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं, तसाच हा प्रकार. बँजोची पाचवी तार आखूड असते आणि सारखी एकाच उंच सुरात वाजत राहते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं तुणतुणंच आठवलं.

आणि हा बँजो गोऱ्यांचा नाहीच! गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून केलेल्या वाद्यातून तो आला. स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या गोऱ्या गरिबांची गाणी आणि फिडल, काळ्या गुलामांचा बँजो आणि ब्लूज, चर्चमधली भजनं, हे सगळं त्या डोंगरात एकत्र शिजलं. खुद्द मन्रो तरुणपणी अर्नॉल्ड शुल्ट्झ या काळ्या वादकासोबत नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा आणि त्याचं ऋण तो जन्मभर सांगत राहिला. शुल्ट्झ १९३१ साली गेला. त्याचं एकही रेकॉर्डिंग नाही. ज्याच्या हातातून एवढं मोठं काही पुढं सरकलं, तो माणूस कसा वाजवायचा हे आता जगात कुणालाच कळणार नाही. ब्लूग्रासचा चेहरा पुढं सगळा गोरा दिसायला लागला त्याचं एक कारण हेही आहे. ज्याचं जपलं जातं, त्याचाच इतिहास होतो. अलीकडं रिअ‍ॅनन गिडन्ससारख्या काळ्या कलावंतांनी तो बँजो पुन्हा हातात घेतला, जुन्या वादकांच्या पायाशी बसून शिकल्या, म्हणून ही गोष्ट निदान बोलली तरी जाते.

तर मुद्द्यावर येतो. या गाण्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली. गाणं म्हणजे फावल्या वेळचा खेळ नाही. १९३१ मध्ये हार्लनमध्ये संघटना बांधणाऱ्या एका कामगाराला शोधत शेरीफची माणसं घरात घुसली. तो घरी नव्हता. ती गेल्यावर त्याच्या बायकोनं, फ्लॉरेन्स रीसनं, भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर गाणं लिहिलं. चाल जुन्या भजनाची. गाण्याचा सवाल एकच, तुम्ही कुणाच्या बाजूचे? चाळीसेक वर्षांनी ब्रूकसाइडच्या संपात ती म्हातारी स्वतः येऊन ते गायली, माहितीपटात दिसते. आपल्याला हे नवीन वाटायला नको. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक हेच करत होतं. लोकांच्या ओठावरची चाल घ्यायची आणि त्यात आजचा सवाल भरायचा.

दुसरी. गाण्यानं कायदा होत नाही, हे खरंच. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट झाला, ७८ माणसं मेली. पुढच्या फेब्रुवारीत राज्यातले हजारो कामगार काळ्या फुप्फुसाच्या भरपाईसाठी संपावर गेले. राज्याचा कायदा झाला आणि १९६९ संपायच्या आत देशाचाही. हे संपानं केलं. पण कायदा झाल्यावर लोक विसरतात, गाणं विसरू देत नाही. आणि विसरून चालतही नाही. २०१८ मध्ये तिथल्या सरकारी संशोधकांनी सांगितलं की मध्य अ‍ॅपलेशियात पंचवीस वर्षं वा जास्त काम केलेल्या दर पाच कामगारांत एकाला हा आजार आहे. पातळ थर खणताना दगडही कापला जातो, सिलिकाची धूळ उडते. कायद्याला पन्नास वर्षं होत आली होती, तरी ही गत.

आपल्याकडंही हा अधिसूचित आजार आहे. डॉक्टरच्या लक्षात आला तर कळवायचा असतो. पण कागदावर 'दमा' लिहिलं की विषयच संपतो. ना नोंद, ना भरपाई. तुमच्या घरात कुणी निवृत्त खाणकामगार असतील आणि दम लागत असेल, तर डॉक्टरला एवढंच सांगा, 'हे इतकी वर्षं खाणीत होते, छातीचा एक्स-रे त्या नजरेनं बघा.' कागदावर कामाचं ठिकाण आणि वर्षं लिहून घ्या. एवढं एक काम केलंत तरी ही पोस्ट वसूल.

तिसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची. आपल्या खाणींच्या कॉलन्यांत कोण कोण आलं बघा. तेलंगणातले, छत्तीसगडचे, बिहार-उत्तर प्रदेशचे, आपले झाडीपट्टीचे, गोंड. एका रांगेत चार भाषांची भजनं चालायची. दंडार, खडी गंमत, होळीची गाणी, रात्रपाळीवरून आल्यावर कुणी काढलेली पेटी. केंटकीत जे शिजलं त्याचं सगळं सामान आपल्याकडंही होतं. मग आपलं कोळशाचं गाणं कुठं आहे? मला वाटतं, होतं. कुणी टिपून घेतलं नाही.

टिपायला फार काही लागत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या कित्येक आज 'पारी'च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. न्यूयॉर्कमध्ये मोझेस अ‍ॅश नावाच्या माणसानं १९४८ मध्ये फोकवेज ही छोटी रेकॉर्ड कंपनी काढली. हेझल डिकन्स आणि अ‍ॅलिस जेरार्ड या दोघींचा पहिला अल्बम १९६५ मध्ये तिनंच काढला. पुढं स्मिथसोनियन संस्थेनं तो सगळा साठा घेतला, तोही खपो न खपो, एकही रेकॉर्ड बंद करायची नाही या बोलीवर. म्हणून तर वेस्ट व्हर्जिनियाच्या बाईचा आवाज चंद्रपुरात माझ्या मोबाइलपर्यंत आला.

आपल्या खिशात तर रेकॉर्डर आहेच. या रविवारी घरातल्या, शेजारच्या कुणा म्हाताऱ्या माणसाला गायला सांगा. विसरले असतील, हसतील, "आता कुठं रे" म्हणतील. थांबा जरा. गायला लागले की मध्ये बोलू नका. शेवटी नाव, गाव, कोणत्या खाणीत कोणती वर्षं आणि गाणं कुणाकडून शिकले, एवढं त्यांच्याच तोंडून घ्या. त्यांची परवानगी विचारा. मग एक प्रत घरी ठेवा, एक मला पाठवा. पंचवीस-तीस जमली की गावातल्या वाचनालयात ठेवायची व्यवस्था मी बघतो.

घाई यासाठी की भूमिगत खाणीत उतरलेली ती पिढी आता सत्तरीच्या पुढं आहे, आणि गाण्यासाठी दम लागतो.