चट्टा दाखवायला आलेल्या माणसासाठी

पाम, ता. पालघर

प्रिय भाचीस,


आशाताई म्हणून पाड्यांवर फिरताना कुष्ठरोगाचा चट्टा सापडलेला माणूस आधी काय विचारतो, ते तू फोनवर सांगितलंस. ‘मला घराबाहेर काढतील का?’ औषधांचं तुला प्रशिक्षणात शिकवलंच आहे. या भीतीमागचं थोडं लिहितो.

मुंबईत वडाळ्याला अॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. १८९० मध्ये महापालिका आयुक्त हॅरी अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने ते लोकवर्गणीतून उभं राहिलं. मराठी पोवाडे जमवून छापणारे अॅक्वर्थ ते हेच. निराधार रुग्णांना छप्पर मिळालं, पण १८९८ च्या कायद्याने अशा रुग्णाला वॉरंटशिवाय पकडायची मुभा पोलिसांना दिली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

तरीही रुग्णालयाच्या आवारात गाव वसलं. देऊळ, मशीद, चर्च झालं. ज्यांचे हातपाय चालत होते ते शेतात राबले. आवारातलं सांडपाणी त्याच शेतातल्या पिकाला जाई. १८९७ मध्ये मैल्याच्या बंद टाकीतला वायू साठवून तिथे दिवे लागले. घरोघरी गोबरगॅस यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट! 

वरोऱ्याच्या आनंदवनात तर बाबा आणि साधनाताई आमट्यांसोबत रुग्णांनी माळरान पिकवलं. १९६४ मध्ये तिथे आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं. गावाने ज्यांना हाकललं, त्यांच्या दारी गावाची पोरं शिकायला आली.

माझं म्हणणं एवढंच, की या माणसांना बाहेर काढून नुकसान गावांनी स्वतःचं करून घेतलं. एवढी कर्ती माणसं गावं गमावून बसली. आणि आता तर बाहेर काढायला कारणच उरलेलं नाही. आपल्या जिल्ह्यात अजून नवे रुग्ण सापडतात, पण सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिने घरी राहूनच घ्यायच्या असतात आणि उपचार सुरू झाले की संसर्गाची भीती लवकरच संपते.

म्हणून गोळ्यांचं पाकीट देऊन लगेच उठू नकोस. रुग्णाची हरकत नसेल तर घरच्यांनाही बसवून सांग, की याचं ताट, अंथरूण वेगळं करू नका. नुसत्या सांगण्याने पटलं नाही, तर मला कळव. मी येईन, आणि आपण दोघं त्यांच्या पंगतीला बसून जेवू.

तुझा,
मामा