न चालवता वाचणे

मोबाइलवर एखादा चित्रपट किंवा क्रिकेटचा सामना पाहताना समोरचे दृश्य सलग वाटते. प्रत्यक्षात ते काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेले असते. आणि कोणता तुकडा कोठून आणायचा, तो किती सेकंदांचा, त्यानंतरचा कोणता, हे सांगणारी मजकुराची एक साधी फाइल त्याआधी येते. हिला 'प्लेलिस्ट' म्हणतात. १९९७ साली आलेल्या 'विनअ‍ॅम्प'सारख्या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामांमुळे 'एमथ्रीयू' हा तिचा एक प्रकार रुळला. २००९ साली 'अ‍ॅपल'ने त्यातच भर घालून 'एचएलएस' ही प्रक्षेपणाची पद्धत काढली आणि ऑगस्ट २०१७मध्ये तिचे नियम 'आरएफसी ८२१६' या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले.

साहित्याच्या प्राध्यापिकेला या दस्तऐवजात रस वाटावा असे एक कलम त्यात आहे. यादीतली ओळ एकतर तुकड्याचा पत्ता असते, रिकामी असते किंवा 'हॅश' या चिन्हाने सुरू होते. हॅशने सुरू होणारी ओळ म्हणजे टीप. वाचणाऱ्याने ती सोडून द्यायची. पण हॅशला लागूनच 'ईएक्सटी' ही तीन अक्षरे आली की ती टीप राहत नाही, आज्ञा होते. शिवाय जी आज्ञा वाचणाऱ्याच्या ओळखीची नसेल तीही त्याने सोडूनच द्यायची. म्हणजे तीच ओळ नव्या वाचकासाठी संहिता आणि जुन्या वाचकासाठी समासातला शेरा! हस्तलिखितांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. समासात कोणी खुलासा लिहावा आणि पुढच्या नकलाकाराने तो मूळ पाठात ओढून घ्यावा, हे आपल्याकडे शतकानुशतके चालले. एकनाथांना शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करायला बसावे लागले ते मूळ पाठात असे बरेच काही मिसळल्यामुळेच.

थेट प्रक्षेपणाच्या यादीची तऱ्हा आणखी वेगळी. तिला समाप्तीची ओळच नसते. खाली नव्या ओळी येत राहतात, वरच्या गळत जातात, आणि वाचणारा प्रोग्राम तीच यादी पुन्हा पुन्हा मागवून वाचत राहतो.

हे सारे मला कळले ते भाचीमुळे. व्हिडिओ दाखवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरी करते. "मावशी, मी व्हिडिओ बघत नाही, आणि यादीही वाचत नाही. यादी वाचणारा जो प्रोग्राम आहे, त्याला मी वाचते," असे तिने आपल्या कामाचे वर्णन केले. तेही तो प्रोग्राम न चालवता. या रीतीला 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस' म्हणतात. नाटकाचा प्रयोग न करता त्याची संहिता टेबलावर घेऊन बसावे, तसे. वाचण्याचे पहिले श्रम यंत्र करते. माणूस यंत्राने दाखवलेल्या जागा पुन्हा वाचतो. अशा यंत्रांपैकी एक जुने 'लिंट', ते स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये १९७८ साली लिहिले. लिंट म्हणजे कपड्यांना चिकटलेली सूतकणांची पूस. कापड ठीकच आहे, जरा झटकून घ्या, एवढाच त्या नावाचा सूर.

ही यंत्रे प्रोग्राममधल्या प्रत्येक शब्दाला विचारतात : तू कोठून आलास, आणि कोठपर्यंत जाणार आहेस? बाहेरून आलेला मजकूर 'डागी' समजायचा. तो ज्या ज्या मजकुरात मिसळेल तोही डागी. असा मजकूर तपासणी न होता एखाद्या नाजूक जागी, म्हणजे स्मृतीच्या ठरीव कप्प्यात किंवा फाइल उघडणाऱ्या आज्ञेत पोचला, की यंत्र सूचना देते. भाची हे सांगत असताना माझ्या मनात 'विटाळ' हा शब्द आला आणि अस्वस्थही वाटले. सोयराबाईंचे अभंग वर्गात शिकवणाऱ्या बाईला हा शब्द सहज उच्चारता येत नाही. पण फरक मोठा आहे. इथला डाग माणसाला नव्हे, मजकुराला लागतो. आणि एका नेमक्या तपासणीनंतर तो पुरता जातो. समाजातल्या विटाळाला अशी कोणतीही तपासणी मान्य नव्हती.

या रीतीने काय सापडते याचे एक सरळ उदाहरण आहे. जानेवारी २००६मध्ये 'विनअ‍ॅम्प'च्या ५.१२ या आवृत्तीत एक दोष उघड झाला. प्लेलिस्टमध्ये संगणकाचे नाव प्रमाणाबाहेर लांब लिहिले, की ते ठरलेल्या कप्प्यात न मावता शेजारच्या स्मृतीवर सांडत असे, आणि त्या सांडण्याचा उपयोग करून परक्याला त्या संगणकावर आपल्या आज्ञा चालवता येत. ५.१३मध्ये तो दुरुस्त झाला. लांबी न मोजता केलेली नक्कल ही एक प्रकारे व्याकरणाची चूक आहे, आणि व्याकरणाच्या चुका यंत्र पुष्कळ पकडते.

दुसरे उदाहरण मात्र मला अनेक दिवस सोडत नव्हते. 'एफएफएमपेग' हा व्हिडिओ हाताळणारा मुक्त प्रोग्राम असंख्य संकेतस्थळे पडद्यामागे वापरतात. २०१६च्या जानेवारीत त्याच्यातले छिद्र जाहीर झाले ते असे : कोणीतरी व्हिडिओ म्हणून एक फाइल संकेतस्थळावर चढवायची. आत व्हिडिओ नाही, प्लेलिस्ट. एफएफएमपेग नावापेक्षा आतला मजकूर पाहून प्रकार ओळखतो, म्हणून तो ती यादी म्हणून वाचू लागे. यादीत लिहिलेले असे, की दोन गोष्टी जोडून एक तुकडा कर : पहिली माझ्या सर्व्हरवरची ही छोटी फाइल, दुसरी तुझ्याच संगणकावरची अमुक खाजगी फाइल. त्या छोट्या फाइलची शेवटची ओळ मुद्दाम अर्धवट ठेवलेली. त्या ओळीत हल्लेखोराच्या सर्व्हरचा पत्ता, त्यापुढे प्रश्नचिन्ह, आणि पुढे काहीच नाही. जोडणी झाली की खाजगी फाइलची पहिली ओळ त्या अर्धवट पत्त्याला चिकटे, पत्ता पूर्ण होई, आणि प्रोग्राम इमानदारीने तो मागवायला जाई. गुपित पत्त्यातूनच परक्याच्या हाती! आपल्या दरबारी परंपरेतली समस्यापूर्ती आठवली. एक चरण द्यायचा, उरलेले समोरच्याने पुरे करायचे. इथे पुरे करणाऱ्याला आपण काय पुरे केले याची जाणीवच नाही.

यात व्याकरणाची चूक कोठे आहे? जोडणे ही रास्त सोय, फाइल उघडणे रास्त, पत्ता मागवणे रास्त. खोट होती ती सांगणाऱ्याचा अधिकार न तपासता ऐकण्यात. 'दुरून आलेल्या यादीने घरातली फाइल मागू नये' हा नियम कोणीतरी आधी मनाशी ठरवून यंत्राला सांगितला तरच यंत्र तो शोधू शकते. दुरुस्ती झाली, कोणत्या मार्गांना मुभा द्यायची याची यादी आली. तरी २०१७ साली अशाच खाजगी फाइली वाचू देणारी आणखी एक वाट याच प्रोग्राममध्ये निघाली.

एका अभ्यासमंडळात मध्यंतरी चर्चा निघाली, की छापील प्रती सर्वत्र उपलब्ध असताना एम.ए.ला पाठचिकित्सा कशाला? मी विरोध नोंदवला, पण तेव्हा माझ्यापाशी 'परंपरा' यापलीकडे धड शब्द नव्हता. आता उदाहरण आहे. विद्यार्थी अर्थ विचारतात, आशय विचारतात, अलीकडे विचारसरणीही विचारतात; पण हे वाक्य या पानावर कोणाच्या हातून आले, हा प्रश्न वर्गात क्वचितच येतो. भाचीला पगार याच प्रश्नाचा मिळतो.

अर्थात या वाचनाला जन्मजात मर्यादा आहे. १९५३ साली राइस या गणितज्ञाने सिद्ध केले, की प्रोग्रामच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व प्रोग्रामांना लागू पडणारे अचूक उत्तर देणारी यांत्रिक रीत असू शकत नाही. मग यंत्राने एकतर उगाच संशय घ्यायचा, किंवा काही सोडून द्यायचे, किंवा दोन्ही थोडेथोडे. सूचनांचा ढीग पडतो, आणि त्यातल्या बऱ्याच पोकळ निघाल्या की माणसे त्या वाचेनाशी होतात. म्हणून यंत्राला गप्प बसवण्याची सोय असते : त्या ओळीपाशी एक टीप लिहायची, की येथे बोलू नकोस.

यादी वाचणाऱ्या त्यांच्या प्रोग्राममध्ये अशी एक टीप भाचीने मला दाखवली. 'यादी आपल्याच सर्व्हरवरून येते, तपासणीची गरज नाही,' अशा अर्थाची. लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला. लिहिली तेव्हा ती खरी होती. पुढे कंपनीने ग्राहकांना स्वतःच्या यादीचा पत्ता देण्याची मुभा दिली, आणि टीप तशीच राहिली. तिने ती ओळ काढून टाकली आणि यंत्र पुन्हा फिरवले. त्याच फाइलमध्ये चौदा सूचना आल्या. पहिलीपासून वाचायला बसली, तेव्हा दुपारचे चार वाजले होते.