बसायला एक काठ

दिवाळीच्या फराळाचे डबे अर्धे रिकामे झाले की आमच्या घरात एकच विषय निघतो. चिखलदरा की तोरणमाळ? पावसानं हवा धुऊन निघाली की रिद्धपूरच्या आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ दिसते. लेक त्या रेघेवरून बोट फिरवत पश्चिमेला नेते आणि विचारते, "बाबा, हाच डोंगर तिकडे तोरणमाळला जातो ना?" जातो. एकाच सातपुड्याच्या अंगाखांद्यावरची ही दोन गावं. दोन्ही हजार मीटरच्या वर, दोन्हीकडे माथ्यावर तळी. म्हणूनच निवडताना जीव अडतो.

तोरणमाळला मी तरुणपणी एकदाच गेलो. बडनेऱ्याहून भुसावळ, जळगाव, नंदुरबार. तिथून शहादा आणि मग सातपायरीचा वळणावळणाचा घाट. वर पोचलो तेव्हा पठाराच्या मधोमध यशवंत तलाव असा पसरला होता, जणू डोंगरानं ओंजळ धरली आहे. थोडं पुढं गेलं की सीताखाईपाशी जमीन एकाएकी सरते आणि पायाखाली नुसती खोल दरी उरते. परतताना धडगावच्या बाजूला अंगणाअंगणांत कैरीच्या फोडी वाळत होत्या. आमचुराचा तो आंबट वास अजून नाकात आहे. लेकीला हे सगळं सांगितलं आणि तिनं तेच धरून ठेवलं.

चिखलदरा मात्र घरातलंच. सकाळी शिदोरी बांधून निघावं, चांदूरबाजार, परतवाडा मागं टाकावं आणि घाट चढताना कानांना दडे बसू लागले की समजावं, आलं. शक्कर तलाव, काळापाणी आणि गाविलगडाच्या तटाआडचे देवी तलाव, माच्छी तलाव. १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं हा गड घेतला. आज त्या तटातून हिंडताना आवाज येतो तो वाऱ्याचा आणि गुरांच्या घंटांचा. इंग्रजांनी लावलेली कॉफी इथं अजून पिकते. गवळ्यांच्या कढईत खवा आटत असतो. पलीकडे मेळघाट, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि कोरकूंची सिपना नदी. सिपना म्हणजे साग. एका झाडानं नदीला नाव द्यावं, एवढं ते रान दाट.

मग निवडायचं कसं? सासूबाई म्हणाल्या, "दूर जा, पन पह्यले जवळचं सरलं काय ते पाहा." ते वाक्य मनात घेऊन संध्याकाळी मी शेजारच्या म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. दंडवत घातला, बसलो. त्यांच्या मांडीवर स्थानपोथी होती.

चौदाव्या शतकातला हा ग्रंथ आमच्या गावाच्या मातीतलाच म्हणायचा. श्रीगोविंदप्रभूंचं हे गाव. म्हाइंभटांनी माणसामाणसाला विचारून लीळा गोळा केल्या आणि इथंच लीळाचरित्र लिहिलं. स्थानपोथी त्याच्या पुढची. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, चक्रधरस्वामींचं आसन कुठं होतं, जेवण कुठं झालं, निजायला कुठं गेले, एवढंच ती सांगते. तिथलं दृश्य किती सुंदर, याबद्दल जवळजवळ काहीच नाही. ज्या महानुभावांचा धर्मच अटनाचा, म्हणजे फिरत राहण्याचा, त्यांनी जागा लक्षात ठेवली ती माणूस तिथं बसला, जेवला, विसावला म्हणून. बाबांच्या शेजारी बसून पानं चाळताना मला माझं उत्तर सापडलं. गाव निवडायचं ते आपल्याला किती वेळ, किती वेळा बसता येईल यावरून.

तोरणमाळ एकदा पाहता येईल. चिखलदऱ्याला पावसाच्या धुक्यात जाता येतं, पौषाच्या कडाक्यात जाता येतं, चैत्रात खाली परतवाडा तापलेलं असताना जाता येतं. तेच तळं चार वेळा पाहिलं तर ते आपलं होतं.

गेलो. काळापाण्याच्या काठावर सतरंजी टाकली, पाटोडी-भाकर सोडली. ऊन कलताना म्हशी आल्या. पुढची म्हैस गुडघाभर पाण्यात गेली, थांबली, आणि नाकानं पाण्यावरचं शेवाळ दोनदा बाजूला सारून मग प्यायली. तिच्या नाकापासून निघालेलं वर्तुळ वाढत वाढत आमच्या काठाला येऊन लागलं. लेक पाऊण तास हलली नाही. घरी ती दहा मिनिटं एका जागी बसत नाही.

उठताना तिनं विचारलं, "बाबा, हे पाणी कुठं जातं?" मी सांगितलं, या डोंगराच्या उत्तर उतारावरचं पाणी सिपनेतून तापीला मिळतं. दक्षिणेचं चंद्रभागेतून पूर्णेला, आणि पूर्णाही शेवटी तापीलाच. ती तापी खानदेश ओलांडत शहाद्याजवळ प्रकाशाला पोचते, तोरणमाळच्या डोंगराच्या पायथ्याच्या मुलखात.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वाकून तिनं ओंजळभर पाणी घेतलं आणि पुन्हा हळूच तळ्यात सोडलं.

"जा," ती पाण्याला म्हणाली, "आम्ही मागून येतो."