टनेलच्या अलीकडचं गाव

इतकी वर्षं न्यू जर्सीत काढली, पण युनियन सिटी म्हणजे आमच्या लेखी लिंकन टनेलच्या तोंडाशी तुंबलेला ट्रॅफिक! गेल्या महिन्यात मात्र मुलगा म्हणाला, "बाबा, आज इथेच उतरू या."

बर्गनलाइन ॲव्हेन्यूवर पाट्या स्पॅनिश, बोलणं स्पॅनिश. क्यूबातून आलेल्या लोकांनी हा रस्ता गजबजवला. जेमतेम सव्वा चौरस मैलाचं गाव, वस्ती मात्र ६८ हजारांच्या घरात. पेरूचा मुरंबा भरलेली पेस्ट्री खाऊन आणि घोटभर कडक कॉफी पिऊन आम्ही चालत निघालो. टेकडीच्या कडेला आलो, तर खाली हडसन आणि पलीकडे सगळं मॅनहॅटन!

या गावच्या शाळा १९८९ साली राज्याच्या ५२ पैकी ४४ निकषांत नापास झाल्या होत्या. सरकार कारभार ताब्यात घेणार, अशी वेळ आली. तेव्हा शिक्षकांनीच अभ्यासक्रम नव्याने लिहायला घेतला. ठरावीक क्रमिक पुस्तकं मागे पडली, वर्गात गोष्टींची पुस्तकं आली, तास लांबले, मुलं गटागटाने काम करू लागली. कॉम्प्युटर आले ते त्यानंतर. १९९३ मध्ये बेल अटलांटिक कंपनीच्या मदतीने कोलंबस शाळेतल्या सातवीच्या मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना शाळेत आणि घरीही कॉम्प्युटर मिळाले. १९९६ च्या फेब्रुवारीत अध्यक्ष क्लिंटन स्वतः ती शाळा पाहून गेले. पण आधी शिकवण्याची रीत बदलली, यंत्रं मागाहून आली, हे विसरून चालणार नाही.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तोही १९९३ सालीच, आणि मुलगा तेव्हा सातवीतच! मी त्यावर छान कापड घातलं आणि नियम केला: आधी पन्नास गणितं, मग कॉम्प्युटर. हे आठवून मी हसलो. तो हसला नाही.

"मला त्यावर काय करायचंय, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत, बाबा."

"काय करायचं होतं?"

"गोष्ट लिहायची होती."

परतताना २००९ साली उघडलेलं हायस्कूल पाहिलं. गावात जागा नाही, म्हणून मैदान चक्क छतावर बांधलंय! दोघंही मान वर करून बघत राहिलो.

रविवारी नातू येतो. त्याच्या हातात टॅबलेट दिसला, की "होमवर्क झालं का?" हे माझ्या तोंडून निघालंच म्हणून समजा. या रविवारी मात्र विचारलं, "काय करतोयस रे? मला दाखव ना."

त्याचं उत्तर पाऊण तास चाललं. जेवणं थंड झाली.