गीत कितवं होतं?

कारंजा लाड,
रविवार, ११ एप्रिल २०२१

प्रिय भाऊ,


गेल्या रविवारी ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला फोन केलास आणि ठेवता ठेवता म्हणालास, "ताई, तुम्ही घाबरलात. विश्वास असता तर उपासना बंद केली नसती." मी काही बोलले नाही. राग आला की मी भांडी घासते, तुला ठाऊक आहे. घरातली सगळी भांडी घासून झाली, म्हणून आता लिहायला बसले.

शुक्रवारी रात्री आठला गाव बंद झालं, ते उद्या सकाळी सातला उघडेल. २२ फेब्रुवारीला कोरोनामुळे अमरावतीत टाळेबंदी लागली, तेव्हापासून आम्ही धसक्यातच आहोत. तिथले दवाखाने भरले तर इथल्या माणसाने जायचं कुठे? गुरुमंदिर बंद आहे. नृसिंहसरस्वतींच्या जन्मस्थानी आलेली माणसं रस्त्यावरूनच हात जोडतात. जैन मंदिरं, मशिदी, सगळीकडे तेच. आपली तर घरं बोटांवर मोजावीत इतकीच. ज्या बैठकीत आपण जमतो तिथे वीस माणसं बसली की गुडघ्याला गुडघा लागतो, आणि त्यात तिघांना साखर, एकाला दमा. देवदूत झेलतील म्हणून मंदिराच्या टोकावरून उडी टाक, असं प्रभूला कोण म्हणालं होतं ते आठव. त्याने उडी टाकली नाही.

ज्या सोमवारी, ५ एप्रिलला, प्रार्थनास्थळं पुन्हा बंद झाली, त्याच दिवशी पंडिता रमाबाईंना जाऊन ९९ वर्षं झाली. तुझ्या पुण्यातलीच गोष्ट. १८९७ साल. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली उचलून आणल्या होत्या आणि पुण्यात प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली. देव राखेल म्हणून बाई तिथेच अडून बसल्या नाहीत. मुलींना घेऊन केडगावच्या शेतावर गेल्या, झोपड्या घालून राहिल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं ते तिथेच. पण सरकार सांगेल ते मुकाट्याने ऐकणाऱ्यातल्याही त्या नव्हत्या. प्लेगच्या सरकारी दवाखान्यात बायकांची जी आबाळ चालली होती, तिच्याविरुद्ध त्यांनी त्याच वर्षी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये उघड पत्र लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्टनी ते झटकून टाकलं, ते सोड. ज्या बाईचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, तिला घाबरट म्हणशील?

तेव्हा दार लावलं याची मला लाज नाही. लाज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती तुला माहीतच नाही.

सरकारी बंदीच्या कितीतरी आधीच आम्ही उपासना थांबवली, तेव्हाच मी मोबाईलवर गट केला. दर रविवारी दहाला पाळकसाहेब वचन पाठवायचे, कुणी प्रार्थना बोलून टाकायचं, कुणी हात जोडलेली चित्रं. (ती चित्रं बघून मला देवाचीच दया यायची.) प्रभुभोजन फोनसमोर घ्यायचं का, यावर चांगला वाद झाला, पाळकसाहेब नको म्हणाले आणि मला ते पटलं. भाकर कुणीतरी हातात द्यावी लागते. पण एवढा सगळा खल आम्ही करत होतो आणि मागच्या गल्लीतल्या आत्याबाई त्या गटात नव्हत्याच. त्यांच्याकडे बटणाचा फोन, त्याचाही रिचार्ज संपलेला. एक नाही, तीन रविवार. दानार्पणाच्या वहीत ज्यांचे दहा रुपये कधी चुकले नाहीत, त्यांचं नाव माझ्या यादीतून सुटलं.

मला कळलं तेही त्यांच्या शेजारणीकडून. भाजीच्या गाडीपाशी म्हणाली, "काहून काकू, तुमच्यातलं कोणी येत नाही का बाप्पा म्हातारीकडे?" डबा रोज तीच देत होती. इफ्तारचं असो की एरवीचं, तिच्या घरातलं काही आत्याबाईंना गेल्याशिवाय राहत नाही म्हणे. तिथल्या तिथे मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

मास्क लावून दारात उभी राहिले. म्हणाले, "आत्याबाई, चुकलं." त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. धान्य आणू का, औषध आणू का, विचारलं. मानेनेच नाही म्हणाल्या. मग आतून जुनं 'उपासना संगीत' घेऊन आल्या. पुठ्ठा निघालेला, दोऱ्याने बांधलेलं. म्हणाल्या, "मी दर रविवारी दहाला बसते. मला आवडतं ते म्हणते. पण तुम्ही कोणतं म्हणताय ते कळत नाही. गीत कितवं आहे, तेवढं कुणीतरी सांगत जा."

आता शनिवारी संध्याकाळी त्यांना फोन जातो, रिचार्ज माझ्याकडे. आज सकाळी दहाला मी खिडकीशी उभी होते. त्यांचा आवाज मागच्या गल्लीतून इथवर येत नाही, पण मी आपली थांबून थांबून म्हणत होते, त्यांना दम लागतो म्हणून.

वहिनीला सलाम, मुलांना पापा. आणि तुमच्याकडे आज कितवं गीत होतं ते कळव.

तुझी,
ताई