तुकडेबंदी

वडिलांना दोन कायदे पाठ आहेत. एक कूळकायदा आणि दुसरा १९४७ सालचा तुकडेबंदी कायदा. पालघरच्या तहसील कचेरीत फेऱ्या मारून मारून ते पाठ झाले. आजोबांच्या मागे चार भावांत जमीन वाटायची वेळ आली, तेव्हा ते सगळ्यांना एकच गोष्ट सांगत सुटले होते. "शेताचे चार तुकडे केलेत की बांध पाचवा भाऊ होतो. तो पिकवत काही नाही, नुसता खातो."

त्यांचं कुणी ऐकलं नाही. वाटण्या झाल्या. मनोरच्या बाजूला, वनखात्याच्या जंगलाला लागून असलेलं वरकस आमच्या वाट्याला आलं. त्यात ऐन, पळस आणि मोहाची दोन जुनी झाडं. काही वर्षांनी एका नव्या रस्त्याची आखणी नेमकी त्या वरकसाच्या मधून गेली. मोजणीला आलेल्या माणसांनी खोडांवर रंगाने आकडे टाकले. एका मोहावर आकडा पडला, दुसरा पंधरा पावलांनी वाचला. झाडाचे पैसे मिळाले, जमिनीचे मिळाले. त्यातून बोईसरला फ्लॅट झाला. तारापूर एमआयडीसीतली माझी पाळी संपल्यावर मी आता दहा मिनिटांत घरी पोचतो. हे लिहितोय तेही त्याच फ्लॅटमध्ये बसून. तेव्हा रस्त्याच्या नावाने बोटं मोडायचा मला फारसा अधिकार नाही.

पण वडिलांचा बांधाचा हिशेब डोक्यातून जात नाही. एक किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद असं जंगल घ्या, म्हणजे १०० हेक्टर. कडेने ऊन, वारा, वणवा, गुरं, रानमोडी आत शिरते. ती शंभर मीटर आत येते असं धरलं, तर मध्यभागी निवांत जंगल उरतं ६४ हेक्टर. आता त्याच जंगलातून उभा-आडवा एकेक रस्ता काढा. रस्त्याची जागा हिशेबात धरूच नका. चार तुकडे होतात आणि प्रत्येकाच्या पोटात उरतात फक्त ९ हेक्टर. चारांचे मिळून ३६. म्हणजे कागदावर जंगल तेवढंच, पण आतलं जवळजवळ निम्मं गेलं. पाचवा भाऊ खाऊन गेला.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की इथली प्रत्येक मोठी वाट दक्षिणोत्तर जाते. पश्चिम रेल्वे, अहमदाबाद महामार्ग, आता मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. मधल्या पट्टीत या सगळ्या रेघा शेजारी शेजारी. जनावराला मात्र डोंगरातून खाडीकडे, तानसाच्या रानातून तुंगारेश्वरकडे, म्हणजे आडवं जायचं असतं. एक रेघ ते ओलांडेलही. पाच कशा ओलांडणार?

‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने प्रयत्न केला होता. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. विद्या अत्रेया त्याच्या मागावर होत्या. कसाऱ्याकडून, आग्रा महामार्ग आणि रेल्वे ओलांडत तो सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. पुढे डिसेंबर २०११मध्ये अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत मेला. मी ज्या रस्त्याने मुंबईला जातो तोच हा रस्ता.

बिबट्याची निदान बातमी होते. झाडाची होत नाही. आमच्याकडे उरलेला मोह अजून फुलतो. चैत्रात पहाटे खाली फुलांचा सडा पडतो, पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन येतात. बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक आहे. पण झाडाखाली मला एकही रोप दिसत नाही. फुलं वेचता यावीत म्हणून पाला जाळतात, बिया तेलासाठी जातात, उरलेलं शेळ्या खातात. मोहाचं फळ वटवाघूळ तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेतं, तिथे खाऊन बी टाकतं. दूरवर मोह रुजतो तो असा. आता ते दुसरं झाडच तुटलंय. रस्त्यावरून उडताना टाकलेलं बी डांबरावर पडतं. म्हातारं झाड उभं आहे तोवर नुकसान दिसत नाही. शास्त्रज्ञ याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात. रक्कम आज उचलायची, वसुली आपल्या मागे.

गेल्या पावसाळ्यात वडिलांना घेऊन गावी निघालो होतो. पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीत त्यांनी नेहमीप्रमाणे गाडी थांबवायला लावली. देवळापुढे हात जोडले. रानातून सुखरूप ने, म्हणून वाटसरूने वाघोबाला सांगायचं, ही इथली जुनी रीत. पुढे आमच्या वरकसाजवळ नव्या रस्त्यावर एक उदमांजर पडलं होतं. अंग अजून मऊ होतं. वडील उतरले, त्याला दोन्ही हातांनी उचललं आणि तसेच उभे राहिले.

"कुठल्या बाजूला ठेवू?" त्यांनी विचारलं.

मला कळेना. ते इकडून तिकडे जात होतं की तिकडून इकडे, कसं सांगणार?

शेवटी त्यांनी ते मोहाच्या बाजूला ठेवलं, वर पळसाची पानं टाकली. गाडीत बसल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. मी पेंचजवळच्या नागपूर-जबलपूर महामार्गाचं सांगितलं. तिथे रस्ता जागोजागी खांबांवर उचललाय आणि खालून जाणारे वाघ कॅमेऱ्यात सापडलेत.

"म्हणजे जमतं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "त्या कायद्याचं पूरं नाव तुकडेबंदी आणि तुकडेजोड असं आहे. दुसरा शब्द सगळे विसरतात."

या जूनमध्ये मी पाड्यावरून मोहाच्या बिया मागून घेतल्या. बाल्कनीत पिशव्यांत नऊ रोपं उगवली आहेत. लावायची कुठे, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, ते वडिलांनाच ठरवू देणार आहे.